अर्धं लाल, अर्धं हिरवं

२ सप्टेंबर

चार महिने एक ओळ नाही. माफी मागते. वहीची की स्वतःची, हे ठरवत बसले तर आजही लिहून व्हायचं नाही. कारण म्हणावं असं काही नाही. पेरणीच्या दिवसांत संध्याकाळी बोटं पेन धरायला नको म्हणतात, आणि सवय एकदा मोडली की मोडतेच.

आज बसले कारण माझ्या हातून बहुतेक मोठी चूक झाली आहे. कामात. बावीस वर्षांत पहिली — म्हणजे सापडलेली पहिली!

नीट लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल. चाचणीच्या शेतावर आम्ही दरवर्षी आमच्या कंपनीचे मक्याचे वाण आणि बाजारातले इतरांचे वाण शेजारी शेजारी लावतो. मी ओळींतून चालते आणि गुण देते, एक ते नऊ. उभारी कशी, पानांवर डाग किती, कणीस टोकापर्यंत भरलं का, खोड घट्ट आहे का. त्या गुणांवरून ठरतं कंपनीनं काय विकायचं आणि शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत काय छापायचं. आमचा हुकमाचा एक्का म्हणजे बेचाळीस नंबर, हिरव्या पिशवीतला. त्याला टक्कर देतो तो पलीकडच्या कंपनीचा. त्याचं छापील नाव कोणी घेत नाही, सगळे लाल पिशवीच म्हणतात. ती पिशवी मी स्वतः दुकानातून विकत आणते, रांगेत उभी राहून. मग दोन्ही पिशव्यांतलं बी कागदी पाकिटांत भरायचं, पाकिटांवर नंबर घालायचे. तीच पाकिटं शेतावर जातात, आणि थोडी प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळेतली मुलगी — तिला आम्ही चिमटा म्हणतो, खिशात कायम चिमटा असतो आणि बोलतेही तशीच — आज दारातूनच म्हणाली, "ताई, एकच बी दोनदा दिलंत का मला?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"बेचाळीस आणि लाल पिशवी. डीएनएच्या सगळ्या खुणा जुळतात. भावंडं म्हणावीत तर भावंडांतही फरक असतो. हे म्हणजे एकाच माणसाचे दोन फोटो."

म्हणजे मी पाकिटं भरताना घोळ घातला. एकाच पिशवीतून दोन्ही भरली. सबंध हंगामाची चाचणी पाण्यात!

३ सप्टेंबर

पाकिटं भरली तो दिवस आठवायचा प्रयत्न करते आहे. दादाचा फोन आला होता, तो मान वाकडी करून खांद्यावर धरला होता, हे आठवतं. पण ते यंदाचं की गेल्या वर्षीचं? आईला विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या पाकिटांचा हिशोब मी कशाला ठेवू? मला माझा चष्मा सापडत नाही."

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. आमचे डॉक्टर मक्याचे डॉक्टर, वाण तयार करणारे. तरी शिपायापासून सगळे त्यांना डोकेदुखीवर गोळी विचारतात.

४ सप्टेंबर

दोन्ही मूळ पिशव्या गोदामात शिल्लक होत्या, तोंड शिवलेल्या. चिमट्याच्या समोर उसवल्या. हिरवीतलं तिनं काढलं, लालमधलं मी. वेगवेगळे चमचे. हात धुऊन. मुलाखतीला निघाल्यासारखी मी घामाघूम!

८ सप्टेंबर

निकाल तोच. एकच बी.

पाकिटं बरोबर होती. चूक माझी नव्हती. पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर — सुटका. मग तासाभरानं शेतावरची वही उघडली. ऑगस्टमध्ये उभारीला मी बेचाळीसला आठ दिले आहेत आणि लाल पिशवीला सहा. शेजारच्या ओळी. एकच बी. मग मी नेमकं काय पाहिलं?

९ सप्टेंबर

डॉक्टरांना सांगितलं. कबुलीजबाबासारखं, उभ्यानं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसले.

"अहो बाई, बसा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मग समजावलं, अगदी शांतपणे. वाणाचे आईबाप — ज्या दोन जातींचा संकर करून बी होतं त्या — आता आम्ही तयार करत नाही, भाड्यानं आणतो. ते आईबाप राखणारी एक तिसरीच कंपनी आहे. ती आम्हालाही देते, पलीकडच्यांनाही देते. संकर होतो तोच, पिशवी ज्याची त्याची. चार वर्षांपासून असंच चाललं आहे. त्याआधीचं बेचाळीस वेगळं होतं, नंबर तेवढा तोच ठेवला.

मी म्हटलं, पण आपण तर लिहितो की आपला वाण त्यांच्यापेक्षा सरस आहे.

"तुमचे गुण आहेत की. तुम्हीच दिलेत."

मी म्हटलं, ही तर लबाडी झाली.

"ह्यात लबाडी काय आहे? दोन दुकानांत एकाच गिरणीचं पीठ मिळतंच ना? धंद्यात सगळ्यांना माहीत आहे." मी विचारलं, शेतकऱ्यांना? ते म्हणाले, "करार आहे बाई. कोणाला सांगायचं नाही असा. तुम्हीही नोकरीला लागताना सही केली आहे." केली आहे खरी. बावीस वर्षांपूर्वी, न वाचता, नवीन चपला चावत होत्या म्हणून लवकर घरी जायचं होतं.

१३ सप्टेंबर

आज एक प्रयोग केला. प्रत्येक वाण शेतात चार ठिकाणी लावलेला असतो. चिमट्याला सांगितलं, नंबराच्या सगळ्या पाट्या झाक आणि त्यावर तुझ्या मनानं अक्षरं लिही. मग मी पहिल्यापासून ओळी चालले. दोन तास. अगदी मन लावून. स्वतःला बजावत होते की आज फक्त झाड बघायचं.

संध्याकाळी झाकण्या काढल्या. लाल पिशवीला सरासरी सात. आमच्याला सहा!

चिमटा म्हणाली, "ताई, पक्ष बदललात?"

हसले मी. पण घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. बावीस वर्षांच्या वह्या, माझ्या अक्षरातल्या. लोक म्हणतात, हिच्या नजरेला तोड नाही. पाटी वाचून दोन गुण चढवणारी नजर! मी मुद्दाम कधीच केलं नाही. पण मुद्दाम न करता केलेल्याचा जाब कोणाला विचारायचा?

१४ सप्टेंबर

डॉक्टरांचा स्वतःचा एक वाण होता. अकरा वर्षं खपून केलेला, बुटका, जाड खोडाचा. चार वर्षांपूर्वीच्या चाचणीत पडला. वही उघडून बघितली. उभारी, पाच. माझी सही.

बुटका होता म्हणून पाच दिले असणार. बुटक्याला उभारी नसते, असं मी तेव्हा मानत होते.

२३ सप्टेंबर

खोडं दाबायचे दिवस. मका पिकत आला की खाली वाकून दुसऱ्या पेऱ्यावर अंगठ्यानं दाबायचं. घट्ट लागलं तर ठीक. मऊ लागलं, पिठासारखं आत गेलं, तर आतून खोड कुजतं आहे. असं झाड वाऱ्यानं आडवं होतं आणि कणीस मातीत जातं. इथे नजर लागत नाही, अंगठा लागतो. अंगठ्याला पाटी वाचता येत नाही.

बेचाळीस — दहातली सहा मऊ. लाल पिशवी — दहातली सहा मऊ. आता कशी जुळली बरोबर!

गेल्या वर्षी दहातलं एक होतं. त्याच्या आदल्या वर्षी शून्य. ही कूज नव्या जातीची दिसते, आणि तिला ह्या आईबापांचं दार सापडलं आहे. डॉक्टरांना आकडे दिले. म्हणाले, "एका वर्षाच्या आकड्यावर घाबरायचं नसतं." खरं आहे. मीच नव्या मुलींना हे शिकवते.

४ ऑक्टोबर

दादा आणि वहिनी आले आईला भेटायला. घराण्याची जमीन दादाच कसतो, अर्ध्यात हिरवी पिशवी, अर्ध्यात लाल. दारातच त्याचं नेहमीचं — "काय मास्तरीणबाई, यंदा आम्हाला किती गुण?"

यंदा पुन्हा त्याच्या शेतात लाल पिशवी पुढे आहे. हिरव्या अर्ध्यापेक्षा भरघोस. "तुमच्या कंपनीला सांग, पिशवीचा रंग तरी बदला!" वहिनी म्हणाली, "ताई, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हिरवं अर्धं ओढ्याकडच्या चिबड, पाणी धरणाऱ्या जमिनीत असतं दरवर्षी. बहिणीच्या कंपनीला चांगली जमीन दिली तर गाव काय म्हणेल, म्हणून!" आई खो खो हसली. मीही हसले. पण तोंडदेखलं.

कारण हे अर्धं-अर्धं त्याला मी शिकवलं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या सबंध शेतात एकच वाण होता आणि पानांवरच्या रोगानं सगळा मका जळाल्यासारखा केला. तेव्हा मी त्याला म्हटलं, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नको — नाही, मी असं नव्हते म्हणाले. मी म्हणाले होते, सगळे एकाच होडीत बसू नका. पुढे तेच वाक्य जरा सरळ करून मी पुस्तिकेत घातलं: "सर्व शेत एकाच वाणाखाली ठेवू नये. निम्म्या क्षेत्रावर दुसऱ्या कंपनीचा वाण लावावा." स्वतःच्या पुस्तिकेत दुसऱ्याचा वाण लावा म्हणणारी कंपनी! लोकांना फार आवडलं. डॉक्टर अजून म्हणतात की त्या एका ओळीनं आमचा खप वाढवला. माझ्या आयुष्यातली सर्वांत जास्त वाचली गेलेली ओळ असेल ती.

जेवताना दादा म्हणाला, पुढच्या हंगामाला शेजाऱ्याचा तुकडाही कसायला घेतोय. सगळा मका. "ती नवीन कूज आली आहे म्हणतात. येऊ दे. एक अर्धं गेलं तर दुसरं अर्धं हातात."

मी भांडी उचलली आणि आत गेले.

५ ऑक्टोबर

गप्प बसले. करार मोडला नाही ह्याचं समाधान वाटायला हवं. वाटत नाही.

९ ऑक्टोबर

दोन्ही बाजू मांडून बघते. सांगितलं नाही, तर भावाला माझ्याच वाक्यानं बुडवते. सांगितलं, तर सही मोडते. नोकरी जाईल. ह्या वयात गुण देणारीला कोण घेणार? आणि आईची औषधं, घर, ते आहेच. पण ते बाजूला ठेवलं तरी एक उरतं. फक्त दादाला सांगायचं? मग पुस्तिका वाचून अर्धं-अर्धं लावणाऱ्या बाकीच्यांना बहीण नाही, ही त्यांची चूक?

मधला रस्ता सुचला आहे. नवी पुस्तिका छापायला जायची आहे. प्रत्येक वाणापुढे त्याच्या आईबापांच्या गटाचं एक अक्षर छापायचं. कोणाचं नाव घ्यायचं नाही. आणि वाक्य बदलायचं: "दुसऱ्या गटाचा वाण लावावा." करारही मोडत नाही. डॉक्टरांकडे कच्चा मसुदा दिला.

१४ ऑक्टोबर

मसुदा परत आला. गटाची अक्षरं लाल पेन्सिलीनं खोडलेली. माझं जुनं वाक्य परत जागच्या जागी.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, निदान वाक्य तरी काढा. ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "काढलं तर लोक विचारतील का काढलं." मग — "बाई, माझा बुटका आज असता तर त्याची खोडं तुमच्या अंगठ्याखाली मऊ लागली नसती. पण त्याला उभारी नव्हती ना. तुम्हीच पाच दिले होते."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, त्याचं बी आहे का कुठे? म्हणाले, "थंड खोलीत एक डबा असेल. उगवेल की नाही, देव जाणे."

छापायच्या प्रतीवर तपासणारीची सही लागते.

१५ ऑक्टोबर

सही केली.

१८ ऑक्टोबर

तीन दिवस स्वतःशी बोलले नाही, मग वहीशी काय बोलणार. आज रविवार. सकाळी उठले, चूळ भरली आणि दादाला फोन लावला. विचार करायला थांबले असते तर लावला नसता.

सांगितलं सगळं. तो आधी हसला. मग फोनवर नुसता कोंबड्यांचा आवाज.

"म्हणजे सहा वर्षं —"

चार, मी म्हटलं.

"चार वर्षं मी माझीच माझ्याशी शर्यत लावत होतो? आणि हरतही होतो?"

मग म्हणाला, "बरं. पुढच्या हंगामाला ह्या दोन्ही पिशव्या नोंदवत नाही. दुसरं काहीतरी बघतो." मी म्हटलं, दादा, हे कोणाला बोलू नकोस. माझी नोकरी आहे.

"शेजाऱ्याला?"

कोणालाच नाही.

"त्याचा बांध माझ्या बांधाला लागून आहे. त्याचा मका आडवा झालेला मी दारात बसून बघू? आणि नव्या तुकड्यातला मका बघून तो विचारेल ना, तू का बदललंस?" मग जरा चढ्या आवाजात — "गप्प बसायचं होतं तर मला एकट्याला कशाला सांगितलंस? आता तुझं ओझं मी वाहू?"

लहानपणी मी काही फोडलं की मार हा खायचा. तसाच आवाज होता. शेवटी म्हणाला, "तुझं नाव येणार नाही. शब्द दिला." फोन ठेवला.

आई आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "त्याला सांगितलंस, बरं केलंस." थोड्या वेळानं — "आणि बाकीच्यांना त्यांच्या बहिणी सांगतील का?"

आईला मी ह्या महिन्याचं नऊ तारखेचं पान वाचून दाखवलेलं नाही.

२१ ऑक्टोबर

ऑफिसात पुस्तिकांचे गठ्ठे आले. नव्या शाईचा वास. एक उघडली, बरोबर तेच पान उघडलं. वाक्य ठळक अक्षरांत! मागच्या वर्षी साधं होतं.

चिमटा गठ्ठ्यावर बसून डबा खात होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला एक विचारू? त्या निकालाचं काय झालं?" मी म्हटलं, फाइलला लावला. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि डबा बंद करून उठली. पूर्ण खाल्लाही नव्हता.

२४ ऑक्टोबर

दादाकडच्या सहकारी संस्थेची बियाण्यांची बैठक सोमवारपासून दोन दिवस. आसपासचे सगळे मकावाले एका सभागृहात जमतात. सगळ्या कंपन्यांची टेबलं असतात, लोक चौकशी करतात आणि तिथेच पुढच्या हंगामाची नोंदणी करतात. एकदा नोंदलं की बदलत नाही. आमच्या टेबलावर कोणी जायचं असं विचारलं, मी पाठ दुखते म्हटलं. पाठ दुखत नाही.

जुन्या वह्यांतले गुण मी आता पाटी झाकून पुन्हा देऊ शकत नाही. ती झाडं कधीच कापली गेली.

२६ ऑक्टोबर

वहिनीचा फोन आला, दुपारी, सभागृहाच्या बाहेरून. दादा भर बैठकीत उभा राहिला. म्हणाला, लाल आणि हिरवी पिशवी, बी एकच आहे, अर्धं-अर्धं लावून काही वाचणार नाही. कोणीतरी विचारलं, तुला कोणी सांगितलं? दादा गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मग मागून एकजण ओरडला, "बहिणीच्या कंपनीनं पाठवलं का रे, लाल पिशवी पाडायला?" सगळं सभागृह हसलं. तो खाली बसला. त्यानंतर सतरा जणांनी दोन्ही पिशव्या नोंदवल्या, त्यात शेजारीही. नोंदणी उद्या दुपारी बंद होते.

उद्या: सकाळची पहिली बस. कोणी सांगितलं, ते मीच सभागृहात सांगणार.